सुट्टीत येवल्याला पैठणी विणताना पाहायला जायचंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल अशी सहल म्हणून बरेच जण येवल्याबद्दल विचारतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. येवल्यात नेमकं पाहायचं काय? तिथे पैठणीचं संग्रहालय आहे का?

काचेच्या कपाटात जुन्या साड्या मांडलेल्या पाहण्यासाठी येवल्याला जाऊ नका. जायचं ते चालू माग पाहायला. शहरात आणि आसपासच्या गावांत आजही घराच्या पुढच्या खोलीत माग असतो, त्यावर दिवसभर काम चालतं आणि त्याच खोलीतून मुलं शाळेत जातात. शतकानुशतकांची विणण्याची रीत इथे रोजच्या पोटापाण्यासाठी वापरात आहे, म्हणून हा इतिहास जिवंत आहे. पहिल्यांदाच जात असाल तर नाशिकच्या रस्त्यावर येवल्याजवळ अंगणगावला पैठणी पर्यटन केंद्र आहे, तिथून सुरुवात करणं सोपं. शहरातल्या अनेक दुकानांतही एखाद-दोन माग असतात.

2. पैठणी तर पैठणची. मग पैठणला का जाऊ नये?

जरूर जा, पण मुक्कामाच्या तयारीनं. पैठण छत्रपती संभाजीनगरच्याही पुढे आहे. नाशिकहून एका दिवसात जाऊन येण्यात सगळा वेळ गाडीतच जातो. नाव पैठणचं असलं तरी आज पैठणीचं मोठं विणकाम येवल्यात चालतं. येवला वसवणाऱ्या रघोजी नाईकांनी इथे विणकर आणून वसवले, असं सांगितलं जातं. पैठणीच्या भौगोलिक मानांकनातही पैठणबरोबर येवला आहे.

3. नाशिकहून कसं जायचं? किती वेळ लागतो?

अंतर साधारण 85 किलोमीटर. छत्रपती संभाजीनगर रस्त्यानं चांदोरी, निफाड, विंचूर, येवला. गाडीनं दोन तास धरा, एसटीनं दोन ते अडीच. कांद्याच्या हंगामात विंचूरच्या आसपास ट्रॅक्टर आणि पिकअपची रांग लागते, तिथे सहज अर्धा तास जातो. म्हणून सकाळी साडेसातच्या आत शहर सोडलेलं बरं.

एसटीला महिलांना अर्धं तिकीट, 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, 75 पूर्ण झालेल्यांना मोफत, 5 ते 12 वर्षांच्या मुलांना अर्धं. वयाच्या सवलतीसाठी आधार कार्ड जवळ ठेवा. आजी-आजोबा बरोबर असतील तर गाडीच्या पेट्रोलपेक्षा एसटी खूपच स्वस्त पडते. येवल्याला रेल्वे स्टेशन आहे, पण ते मनमाड–दौंड मार्गावर. नाशिकरोडहून मनमाडला उतरून गाडी बदलावी लागते, एका दिवसाच्या सहलीला ते जमत नाही.

4. आधी फोन करून जावं लागतं का?

दुकानातला माग पाहायचा असेल तर गरज नाही. घरातला माग पाहायचा असेल तर आदल्या दिवशी फोन हवाच. माग बंद असण्याची कारणं साधी असतात: घरात लग्नकार्य, सणवार, किंवा ताणा (मागावर ताणलेले उभे धागे) संपलेला. शेवटच्या कारणाकडे लोकांचं लक्ष जात नाही. एक ताणा विणून संपला की नवा जोडेपर्यंत मागावर विणकाम होत नाही. म्हणून फोनवर "उद्या माग चालू आहे का" एवढंच विचारू नका. "उद्या मागावर पदर आहे की अंग?" असं विचारा. अंग म्हणजे साडीचा साधा, बुट्ट्यांचा भाग. त्यात पाहण्यासारखं कमी असतं. पदर चालू असेल तर दिवस सार्थकी लागतो.

जुळणारं घर सापडलं नाही तर पर्यटन केंद्रात किंवा दुकानात विचारा. विणकरांचे फोन नंबर त्यांच्याकडे असतात.

5. दिवसाची आखणी कशी करावी?

दहाच्या सुमारास येवल्यात पोचा आणि आधी माग पाहा, खरेदी नंतर. उलट केलंत तर खरेदीतच एक वाजतो, मग घराघरांत जेवणाची वेळ होते आणि माग थांबतो. दहा ते साडेबारा माग, मग जेवण, दोन ते साडेतीन खरेदी किंवा मुक्तिभूमी (प्रश्न 17), चारला परतीची वाट. अंधार पडायच्या आत निफाड मागे पडलं की गाडी चालवणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. माणशी दोन लिटर पाणी घरूनच घ्या. डबा नेणार असाल तर तो मागाच्या खोलीत उघडू नका, कारण प्रश्न 8 मध्ये आहे.

6. मागासमोर उभं राहिल्यावर मुलांना काय दाखवायचं? आम्हालाच काही कळत नाही.

खालून वर पाहत जा. पारंपरिक माग खड्ड्याचा असतो. जमिनीत साधारण दोन फुटांचा खड्डा, विणकर त्याच्या काठावर बसतो आणि पाय खाली पावड्यांवर. पावडी दाबली की ताण्याचे काही तार वर उचलले जातात आणि काही खाली राहतात. मधे जी फट पडते तिच्यातून आडवा धागा जातो. उभा तो ताणा, आडवा तो बाणा. हे दोन शब्द कळले की मुलांना पुढचं आपोआप उमगतं.

आता धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारं साधन, पाहा. साध्या काठाच्या साडीत एकच धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, तिला एकधोटी म्हणतात. कडियल पैठणीत तीन धोटे चालतात: एक डाव्या काठाचा, एक अंगाचा, एक उजव्या काठाचा. काठ आणि अंग जिथे भेटतात तिथे दोन्हींचे धागे एकमेकांत अडकवलेले असतात. काठ वेगळा विणून शिवलेला नसतो, ही गोष्ट मुलांना बोट दाखवून सांगा (बोट लांबूनच).

पदर चालू असेल तर खरी गंमत तिथे. पदराची जमीन जरीची. तिच्यावर मोर, मुनिया, आसावलीची वेल, अजिंठ्याचं कमळ असं काहीबाही उमलत असतं. प्रत्येक रंगाच्या तुकड्याला वेगळी तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली बारीक कांडी. मोराची मान निळी, पंख हिरवा, चोच लाल, तर तीन तिल्ल्या. शेजारचा मोर आला की पुन्हा तीन. त्यामुळे ताण्यावर रंगीत तिल्ल्यांची रांगच लोंबत असते. विणकर एक तिल्ली उचलतो, डोळ्यांनी तार मोजतो, चार किंवा सहा तारांखालून ती काढतो, शेजारच्या रंगाच्या धाग्याला तिचा वळसा देतो आणि सोडतो. मग पुढची. उजवीकडून डावीकडे सगळ्या तिल्ल्या फिरल्या की फणीनं ठोकायचं. एवढ्यानं बाण्याची एक ओळ होते, केसाएवढी. एक तार चुकला तर मोराची चोच वाकते, मग ती ओळ उसवून पुन्हा विणावी लागते.

शेजारी कागदावर चौकटींचा आलेख लावलेला असेल तर तोही पाहा. चौथी-पाचवीतल्या मुलांना तो लगेच समजतो.

7. वीस मिनिटं उभे राहिलो, कापड पुढे सरकलंच नाही. मुद्दाम हळू काम करत होते का?

नाही. भरगच्च पदर दिवसभरात इंच-दोन इंच पुढे जातो. वीस मिनिटांत डोळ्यांना फरक दिसणारच नाही. साधी साडी काही आठवड्यांत उतरते, पण अंगभर बुट्ट्या आणि मोठा पदर असेल तर कित्येक महिने, कधी वर्षाच्या पुढेही जातं. मुलं कंटाळत असतील तर एक करा: पोचल्यावर विणकरकाकांच्या परवानगीनं चालू मोराचा फोटो काढा आणि दोन तासांनी निघताना पुन्हा काढा. दोन फोटो शेजारी ठेवले की मुलांना साडीची किंमत वेगळी समजवावी लागत नाही.

8. मुलांना मागाला हात लावू द्यावा का?

विणकर स्वतः म्हणाला तरच, आणि त्यानं दाखवलेल्या ठिकाणीच. घामाचा किंवा वडापावच्या तेलाचा डाग जरीवर बसला की तो पुसता येत नाही. ताण्याचे तार एका विशिष्ट ओढीत बांधलेले असतात. त्यावर कोपर टेकला तर दहा-वीस तार एकदम तुटतात आणि ते एकेक शोधून जोडण्यात माणसाचा अर्धा दिवस जातो. धोट्याची टोकं अणकुचीदार असतात आणि खड्डा उघडा असतो, म्हणून चालायला शिकलेल्या लहानग्याला कडेवरच ठेवा.

मुलांना हातानं काही करायचंच असेल तर रहाट फिरवायला मागा. कांडी भरायचं काम असतं, त्यात फारसं बिघडत नाही आणि घरातल्या ताई ते हौसेनं शिकवतात.

9. फोटो, व्हिडिओ चालतात?

विचारून. विणकराचा, मागाचा फोटो सहसा चालतो. आलेखाचा आणि नव्या पदराचा जवळून फोटो काढू नका: नवं डिझाइन फोटोवरून उचलून यंत्रमागावर स्वस्तात काढतात आणि ज्यानं ते बसवलं त्याचा धंदा बुडतो. फ्लॅश बंद ठेवा. तार मोजताना डोळ्यांवर उजेड आला की मोजणी चुकते.

10. तिकीट असतं का? नसेल तर पैसे द्यावेत का?

घरातल्या मागाला तिकीट नाही. पण कामाची वीस मिनिटं तुम्हाला दिली, याची जाण ठेवा. मुलांच्या हातून मागावर नोट ठेवायला लावणं त्या माणसाला अवघड वाटतं. त्यापेक्षा काहीतरी विकत घ्या: पर्स, ब्लाऊजपीस, दुपट्टा. काहीच घ्यायचं नसेल तर जाताना पेढ्याचा किंवा फळांचा पुडा न्या, जसा कुणाच्याही घरी नेतो.

11. हातमागाची पैठणी ओळखायची कशी?

उलटी करा. एवढी एक सवय लागली तरी पुरे. तिल्लीनं विणलेला पदर आणि काठ मागूनही पुढच्यासारखाच दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा आपल्या तुकड्यापुरताच जाऊन परत फिरलेला असतो. यंत्रमागाच्या 'सेमी पैठणी'त मागच्या बाजूला लांबलचक सुटे धागे किंवा कापून टाकलेल्या टोकांची लव दिसते.

दुसरी खूण बारीकशा फरकाची. एकाच पदरावरचे दोन मोर नीट पाहा. हातानं तार मोजून विणलेल्या मोरांत एखाद्या रेषेचा फरक असतो. सगळे मोर तंतोतंत छापल्यासारखे असतील तर विचारपूस करा. तिसरी गोष्ट लेबलं: रेशमासाठी सिल्क मार्क, हातमागासाठी हॅन्डलूम मार्क. दोन्ही वेगळी आहेत. सिल्क मार्क असलेली साडी यंत्रमागाचीही असू शकते, तो शिक्का फक्त रेशमाची खात्री देतो.

धागा जाळून पाहण्याचा सल्ला अनेक जण देतात. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चिमटीत चुरगळते, पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. पण दुकानात साडीचा धागा ओढून काडी लावणं हे नुकसान आहे. मागाखाली पडलेलं कातरण मागा आणि घरी जाऊन पाहा.

12. मागच्या बाजूला धागे दिसले म्हणजे फसवणूकच का?

नाही, इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. ब्रोकेड पैठणीत अंग किंवा काठ भरगच्च विणण्यासाठी हातमागावरच जॅकार्ड, म्हणजे नक्षीप्रमाणे ताण्याचे तार उचलणारं यंत्र, बसवतात. तिथे मागे धागे असतात आणि तरीही साडी हातमागाचीच असते. म्हणून तपासताना पदर पाहा. पदर दोन्हीकडून सारखा आणि अंगामागे धागे, तर विक्रेत्याला सरळ विचारा की कोणता भाग तिल्लीचा आणि कोणता जॅकार्डचा. जाणकार विक्रेता बोट ठेवून सांगतो. "सगळं हातचंच आहे हो" एवढंच उत्तर आलं तर पुढच्या दुकानात जा.

13. जर खरी आहे की नाही?

खरी जर म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा. टेस्टेड जरीत आत तांबं असतं, साध्या जरीत प्लास्टिक. सुट्या तुकड्यावर नखानं घासलं तर खरीत पांढरट आणि टेस्टेडमध्ये लालसर झाक दिसते. आज बाजारातल्या बहुतेक पैठण्यांत टेस्टेड जर असते आणि त्यात गैर काही नाही, मात्र बिलावर तसं लिहून घ्या. येवल्यातलं रेशीम मुख्यतः बंगळुरूकडून आणि जर सुरतेहून येते. धागा बाहेरचा असला तरी साडी येवल्याचीच राहते, कारण पैठणीपण विणण्यात असतं.

14. येवल्यात स्वस्त मिळते का? किती पैसे घेऊन जावं?

साधी हातमागाची पैठणी काही हजारांत मिळते, भरगच्च पदराची लाखाच्या पुढे जाते. विणकराकडून थेट घेतल्यावर मधल्यांची कमाई वाचते. पण त्याच्याकडे मागावरची किंवा नुकतीच उतरलेली दोन-चारच लुगडी असतात, रंगांची निवड दुकानात जास्त. आवडीच्या रंगासाठी ऑर्डर देणार असाल तर ताण्याचा आणि बाण्याचा रंग वेगवेगळा सांगा. धूपछाँव त्यानंच येते. लाल ताणा आणि हिरवा बाणा असेल तर साडी हलली की रंग बदलतो. आगाऊ रक्कम, मुदत, जरीचा प्रकार, पदराची लांबी आणि ब्लाऊजपीस धरून आहे की नाही, हे सगळं कागदावर घ्या.

15. शाळेची 40 मुलं न्यायची आहेत. जमेल?

जमेल, पण एका खोलीत नाही. मागाची खोली लहान असते आणि आठाहून जास्त जण उभे राहिले की विणकराचा उजेड अडतो. आठ-आठांचे पाच गट करा. एक गट मागापाशी, एक रहाटापाशी, बाकीचे पर्यटन केंद्रात किंवा मुक्तिभूमीवर, आणि दर पंचवीस मिनिटांनी अदलाबदल. एसटीची बस शाळेच्या सहलीला प्रासंगिक करारानं मिळते. आगारात मुख्याध्यापकांचं पत्र लागतं, सुट्टीच्या तोंडावर आधीच नोंदवा. प्रत्येक गटाला एकच काम द्या: एका मोरात किती रंग आहेत, किती तिल्ल्या आहेत, ते मोजून आणायचं. पानभर प्रश्नावली दिली की मुलं वहीतच डोकं घालून बसतात आणि माग पाहायचा राहतो.

16. पावसाळ्यात, संक्रांतीला, रंगपंचमीला गेलं तर?

पावसाळ्यात दमट हवेनं रेशीम चिकटतं आणि ढगाळ दिवशी तार मोजायला उजेड पुरत नाही. खड्ड्यात ओल आली तर काही माग बंदही राहतात. जाण्याआधी फोन कराच (प्रश्न 4).

संक्रांतीला येवल्यात तीन दिवस पतंगांचा उत्सव असतो आणि सगळं गाव गच्चीवर असतं. रंगपंचमीला ट्रॅक्टरवरून रंगांचे सामने रंगतात. दोन्ही पाहण्यासारखेच, पण माग पाहायचा असेल तर हे दिवस टाळा.

17. येवल्यात मागाशिवाय आणखी काय पाहावं?

मुक्तिभूमी. 13 ऑक्टोबर 1935 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली: हिंदू म्हणून जन्मलो, तरी हिंदू म्हणून मरणार नाही. नाशिकच्या मुलांना हे सांगताना सुरुवात आपल्याच गावातून करा. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, पाच वर्षं चालला, तरी दार उघडलं नाही. येवल्याची घोषणा त्यानंतरची. दोन्ही जागा एकाच जिल्ह्यात आहेत आणि त्यांच्यात दोन तासांचं अंतर आहे. 13 ऑक्टोबरला तिथे मोठी गर्दी असते, लहान मुलांना घेऊन शांतपणे पाहायचं असेल तर दुसरा दिवस निवडा. तात्या टोपे हेही मूळचे येवल्याचेच.

18. त्याच दिवशी शिर्डी किंवा नांदूरमध्यमेश्वर जोडता येईल का?

शिर्डी जोडू नका. कोपरगावमार्गे ती फार लांब नाही, पण दर्शनाच्या रांगेचा नेम नसतो आणि मग मागासमोर घड्याळ पाहत उभं राहावं लागतं. नांदूरमध्यमेश्वर निफाडकडून जवळ पडतं, मात्र पक्षी पहाटे पाहायचे असतात. हिवाळ्यात उजाडताना तिथे पोचून अकराला येवला गाठता येतं. उन्हाळ्यात पाहुणे पक्षी गेलेले असतात, तेव्हा फाटा देणंच योग्य.

19. आजोबांना गुडघ्याचा त्रास आहे, चाकाची खुर्ची आहे. जाता येईल?

पर्यटन केंद्रात आणि मोठ्या दुकानांत सोय बरी आहे. गल्लीतल्या घरांना उंबरे, पायऱ्या असतात आणि माग जमिनीलगत असल्यानं उभ्यानं नीट दिसत नाही, खाली बसावं लागतं. फोनवर आधी सांगितलं तर खुर्चीवरून दिसेल असा उभा, चौकटीचा माग असलेलं ठिकाण सुचवतात.

20. जायच्या आधी नाशिकमध्ये काही दाखवावं का?

पांडवलेणी, आदल्या रविवारी. लेणे क्रमांक 10 मध्ये क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा. त्यात 3000 कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे कोलिक निकायांकडे, कायम ठेव म्हणून दिल्याची नोंद आहे: 2000 एकीकडे दरमहा शेकडा एक व्याजानं, 1000 दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजानं. मोठ्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी 12 कार्षापण द्यायचे होते. मुलांना हिशेब करायला सांगा. 2000 वर महिन्याला 20, वर्षाला 240. वीस भिक्षूंना बारा-बारा, तेही 240. राजघराण्यातल्या माणसानं पैसे विणकरांकडे विश्वासानं ठेवले, इतकी त्यांची पत होती.

21. आजीची जुनी पैठणी फाटली आहे. येवल्यात दुरुस्त होते का?

लहान फाटीला रफू होतं. अंग विरलं असेल आणि काठ-पदर शाबूत असतील तर ते नव्या कापडावर चढवून देतात. नेताना मऊ सुती कापडात गुंडाळून न्या, घडीवर घडी दाबू नका, कारण जुनं रेशीम घडीतच तुटतं. डांबरगोळी आणि अत्तर जरीला लागू देऊ नका, ती काळी पडते. दारावर येऊन जुनी जरीची लुगडी वजनावर घेणाऱ्यांना ती देऊ नका. ते चांदीसाठी जर वितळवतात आणि पदरावरचं नक्षीकाम कायमचं जातं. आधी येवल्यात एखाद्या वयस्क विणकराला उलगडून दाखवा. रंगाचं आणि काठाचं नाव तो पाहताक्षणी सांगतो. ते नाव एका चिठ्ठीवर लिहून साडीच्या घडीत ठेवा.